सतरा नंबरचं पाकीट

दिगू, कावळा आला नाही.

दहाव्याच्या दिवशी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर जेठ महिन्याच्या उन्हात आम्ही सव्वा तास बसून होतो. पानावर पिंड, शेजारी द्रोणात साबुदाण्याची खिचडी आणि कुल्हडमध्ये चहा. चहा बघून गुरुजींनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "गुरुजी, हा माणूस जेवण विसरायचा, चहा कधी विसरला नाही. राहू द्या." कावळा समोरच्या छत्रीवर बसला होता. एकदा मान तिरकी करून त्यानं पिंडाकडे बघितलं, पंख साफ केले आणि बसून राहिला.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला कोणीतरी. वचन द्या."

ह्यांनी आधी हात जोडले. "दिगू, तुझे कॅमेरे मी कुणालाही देणार नाही. कपाटात आहेत तसे राहतील." कावळा हलला नाही. मग रामजी मल्लाह पुढे आला, ज्याच्या नावेत तू निम्मं आयुष्य काढलंस. "भैया, दीदी की चिंता मत करो. दीदी को हम देख लेंगे."

"मला कोणी बघायची गरज नाही," मी म्हटलं.

रामजीनं कपाळाला हात लावला. "लो. अब तो बिल्कुल नहीं आयेगा."

दहाव्याच्या पिंडासमोर आम्ही सगळे हसलो. तू असतास तर सगळ्यात मोठ्यानं हसला असतास. मग मीही एक वचन दिलं, तुझी खोली भाड्यानं देणार नाही म्हणून. कावळा उठला आणि पंचगंगा घाटाच्या बाजूला निघून गेला. गुरुजींना अकरा वाजता दशाश्वमेधला दुसरे यजमान होते. त्यांनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला लावला. मी माझ्या कागदावर त्या ओळीपुढे खूण केली.

माझ्या कागदांची तू जन्मभर चेष्टा केलीस. "ताई वर गेली की चित्रगुप्ताच्या वह्या आधी नीट लावून देईल," असं भर पंगतीत म्हणाला होतास. पण खरं सांगते, त्या तेरा दिवसांत त्या कागदानंच मला उभं ठेवलं. लाकडं, तूप, डॉक्टरचा दाखला, पुण्याला फोन, तेराव्याची पानं. एक एक ओळ खाली उतरत गेले. शेवटच्या ओळीवर खूण केली तेव्हा वाटलं, झालं. दिगूचं सगळं नीट झालं.

मग एक ओळ मागाहून वाढली. तिच्यापुढे खूण करता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तेराव्याला तुझा फोटो नव्हता. एवढ्या लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एक धड फोटो नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात तू पकडून आणलेल्या पाकीटमारासारखा दिसतोस. लोक हार घालत होते आणि तू त्यांच्याकडे डोळे वटारत होतास. पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "हा भिंतीवर नको. रोज सकाळी मला चहा पिऊ देणार नाही. दुसरा शोध."

म्हणून मी तुझा बोलिव्हियाचा अल्बम काढला. तुझा म्हणायचा, लावला होता मी.

तुला आठवतं, तू फोटोवाला का झालास? मी अकरा वर्षांची, तू सात. संकठा घाटावर आई कपडे पिळत होती आणि एका गोऱ्या माणसानं आपल्या तिघांचा फोटो काढला. आईनं पदर सारखा केला, तुझं नाक पुसलं, पुन्हा उभी राहिली. त्यानं वहीत आपला पत्ता लिहून घेतला. दूधविनायक, अमक्या मंदिरामागची गली, दुसरं दार. पाठवतो म्हणाला. आई दोन वर्षं पोस्टमनला विचारत होती. "हमारा कुछ फोटू-वोटू आया, भैया?" पोस्टमन तिला बघून पलीकडून जायला लागला. एक दिवस तू जाहीर केलंस, "मी मोठा होऊन पाठवणारा फोटोवाला होणार." आम्ही हसलो. पण तू झालास. गंगेवर आलेल्या कुठल्याही खेड्यातल्या म्हातारीचा फोटो काढलास की महिन्याच्या आत तिला पोचलेला असायचा. चितेचा फोटो तू कधी काढला नाहीस. कारण विचारलं तर म्हणायचास, "तो पाठवणार कोणाला?"

बोलिव्हियाला गेलास तेव्हा तू पस्तीस-छत्तीसचा असशील. सहा महिने. मी तुला लाल कापडी बांधणीची वही दिली, आत रकाने आखून: अनुक्रम, ठिकाण, तपशील, कोणाला पाठवायचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवीन पुस्तकांची नोंद मी करते तशीच. तू म्हणालास, "ताई, मी तिथे फोटो काढायला चाललोय, शिरगणती करायला नाही." पण वही नेलीस.

कुठल्याशा दुकानातून तुझे फोन यायचे. आवाज आधी धापा टाकायचा, मग बोलायचा.

"ताई, इथे चार पायऱ्या चढलो की पंचगंगेचा घाट दोनदा चढल्यासारखं होतं. हवाच नाही."

"मग चढू नकोस."

"खोली चौथ्या मजल्यावर आहे गं."

"भात मिळतो का?"

"बटाटा मिळतो. काळा. थंडीत रात्रभर उघड्यावर टाकतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, मग वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतो."

"पायांनी?"

"तुझ्या सांडग्यांपेक्षा स्वच्छ असतो. चवीचं म्हणशील तर सांडगे जिंकले."

तुझ्यामुळे तो देश आमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिला. आई शेजारणींना सांगायची, तिथल्या बायका दोन वेण्या घालतात आणि डोक्यावर एवढीशी गोल हॅट ठेवतात, ती पडत कशी नाही हे आमच्या दिगूलाही कळलं नाही. त्यांच्या पाठीवरच्या रंगीत कापडात बाळ आहे की कोबी, हे दुरून कळत नाही. मैलोगणती पसरलेल्या मिठाबद्दल तू सांगितलंस. पाऊस पडून गेला की त्याचा आरसा होतो आणि परदेशी पाहुणे त्यात उड्या मारून फोटो काढतात. तू तिथे दोनच काढलेस. मिठाला काय पाठवायचं?

आणि पोतोसी. आत पोखरून चाळण झालेला तो डोंगर, पूर्वी त्यातून चांदी निघायची. तू खाणकामगारांबरोबर आत गेलास. आत मातीचा एक शिंगवाला सैतान बसवलेला, त्याच्या तोंडात पेटती सिगरेट, पुढ्यात कोकाची पानं आणि दारू. "बाहेरचा मालक देव, आतला मालक हा," असं ते म्हणाले. तू त्यांना सांगितलंस, आमच्या गावचे कालभैरवसुद्धा दारूचा नैवेद्य घेतात. "तेव्हापासून मी त्यांचा झालो, ताई. काशीचा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता."

त्यातल्या एकाचा तू खाणीच्या तोंडाशी फोटो काढलास. काढून झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याकडे हात केला, आता तू उभा राहा म्हणून. त्यानं कॅमेरा प्रथमच हातात धरला होता. बंदुकीसारखा धरला, म्हणालास.

नऊ दिवसांनी आतला एक भाग खचला आणि तो माणूस आतच राहिला. त्याची बायको तुझ्या लॉजच्या दारात आली. हातात शाळेच्या वहीतून फाडलेला एक चिठोरा, त्यावर मुलानं लिहिलेला पत्ता. लग्नात त्यांनी फोटो काढला नव्हता. ओळखपत्र त्याच्या खिशात होतं, म्हणजे तेही डोंगरात. तिच्याकडे त्याचा चेहरा असलेला एकही कागद नव्हता. तुझ्याकडे होता, पण रोलमध्ये. परक्या हातात रोल देणार नाही, माझा काशीतला लहुराबीरचा माणूसच धुणार, हा तुझा हट्ट. इथे चूक तुझी आहे, दिगू, आणि तू नाहीस म्हणून मी ती खोडणार नाही. दोन दिवसांचं काम होतं. तिथल्या तिथे धुवून तिच्या हातात देता आला असता.

नोव्हेंबरात त्यांचं श्राद्ध असतं, ते तू आल्यावर सांगितलंस. पहिल्या तारखेला दुपारी बाराला मेलेली माणसं घरी येतात, दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. टेबलावर त्यांच्या आवडीचं वाढतात. पावाच्या बाहुल्या भाजतात, त्यांना चेहरे लावतात. पावाचीच शिडी करतात, खाली उतरायला. आणि मधोमध फोटो, घर ओळखू यावं म्हणून.

"फोटो नसला तर?" मी विचारलं होतं.

"तिनं त्याचं जुनं हेल्मेट ठेवलं होतं. पण हेल्मेटं सगळ्यांची सारखीच, ताई. ती म्हणाली, चुकून दुसराच कोणी येऊन जेवून जाईल."

तेव्हा तू त्याचं नावही सांगितलंस. दोनदा. मी तुझ्या बॅगेतले कपडे नेलेल्या यादीशी ताडून बघत होते. एक मफलर कमी होता. मफलर निळा होता हे मला आज आठवतं. नाव आठवत नाही.

तू फेब्रुवारीत आलास आणि होळीला आई पडली. अर्धं अंग गेलं. ते वर्ष कसं गेलं ते तुला सांगायला नको; रात्रपाळी तुझी, दिवसपाळी माझी. रोल धुवून फोटो यायला पितृपक्ष उजाडला. तू प्रत्येकाचे फोटो एकेका खाकी पाकिटात घातलेस. पाकिटावर नंबर, आत त्याचा चिठोरा. आईची कूस बदलता बदलता ती पाकिटं खोलीभर झाली. खाली ओल आलेली, काहींना बुरशी.

नवरात्राच्या आधी मी साफसफाई काढली. तू आईला घेऊन दिवसभर दवाखान्यात होतास. मी बाजारातून जाडजूड अल्बम आणला. फोटो विषयवार लावले: डोंगर, मीठ, बाजार, माणसं. एकपासून नवे नंबर घातले, सुवाच्य अक्षरात. जे हलले होते, कापले गेले होते, ते शेवटच्या कप्प्यात, वर चिठ्ठी: "खराब". पाकिटांतले चिठोरे मला लॅबच्या पावत्या वाटल्या. परकी भाषा, पोराटकी अक्षरं. मी नीट बघितलंही नाही. सगळं बांधून रद्दीत.

ग्रंथालयात आमचा पहिला नियम आहे: पुस्तकाला नवा क्रमांक देताना जुना कधी फेकायचा नाही, नव्याशेजारी लिहून ठेवायचा. नवीन आलेल्या मुलींना मी हा नियम पहिल्या दिवशी शिकवते. घरात मी तो पाळला नाही, कारण मला वाटलं, हा तर दिगूचा पसारा.

तू आलास. अल्बम उघडलास. पानं उलटत गेलास, शेवटपर्यंत. मग म्हणालास, "छान लावलंस, ताई."

आणि घाटावर गेलास. जेवायला आला नाहीस. मी ह्यांना म्हटलं, "बघा, एवढं केलं तर साधा चहासुद्धा माझ्या हातचा घेतला नाही."

यानंतरच्या सोळा वर्षांची माफी तुझ्याकडे कशी मागायची ते मला कळत नाही. दर दिवाळीला साफसफाई करताना मी विचारायची, "पाठवलेस का रे ते फोटो?" तू म्हणायचास, "पाठवतो." आधी मी सहज विचारायची. मग टोचून. पुढे तो माझा हक्काचा टोमणा झाला. आई गेल्यानंतर, तिच्या वर्षश्राद्धाला, ह्यांच्यादेखत मी म्हणाले, "तो गोरा आणि तू, फरक काय राहिला? त्यानं आईला फसवलं, तू त्या बाईला." तू पानातला भात कालवत होतास.

"काही फरक नाही," म्हणालास.

मला वाटलं मी जिंकले.

आणि शेवटची ती दुपार. वॉर्डात कूलर नुसता घरघरत होता. तू मास्क बाजूला करून म्हणालास, "ताई, तो अल्बम आण."

"आता? आधी बरा हो."

"एक फोटो दाखवायचाय. लिहून घे."

"तोंड बंद ठेव. डॉक्टर ओरडतील." माझ्या हातात उद्याची यादी होती. टॉवेल, थर्मास, एक्स-रेचं पाकीट. तुझं समाधान व्हावं म्हणून मी खाली "अल्बम" लिहिलं आणि त्यापुढे कंसात "नंतर". तू ते वाचलंस. हसलास, म्हणजे डोळ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी घातली, आणि नंतर तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ती यादी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तर तेराव्यानंतर मी अल्बम काढला. माणसांत तू कुठे नव्हतास. शेवटच्या कप्प्यातले "खराब" फोटो काढले, तर त्यात तू. तिरका, एक कान कापलेला, मागे दगड, डोक्यावर कुणाचं तरी हेल्मेट घातलेलं. आणि तू तोंडभर हसतोयस. हे माझ्या मागून बघत होते. म्हणाले, "अरे, हा तर आपला दिगू."

फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं तुझ्या अक्षरात "१७ ख". लॅबचा नंबर म्हणून मी तेव्हा दुर्लक्ष केलं होतं. मग "१७ क" शोधला. तो "माणसं"मध्ये सापडला, माझ्या नव्या नंबरानं एकशे त्रेचाळिसावा. खाणीच्या तोंडाशी उभा एक माणूस. गालात पानांचा तोबरा, भुवयांवर धूळ. एक हात पुढे केलेला, कॅमेरा मागतोय असा.

सतरा म्हणजे काय ते बघायला लाल वही काढली. सतराव्या ओळीवर तुझं गिचमिड अक्षर: "खाण. क, ख. नाव-पत्ता पाकिटात. हा सगळ्यांत आधी." बाकीच्या ओळींवरही तेच. नाव-पत्ता पाकिटात. पाकिटात. पाकिटात. एकेचाळीस वेळा.

आणि शेवटच्या पानावर, रकाने सोडून:

"पाकिटं ताईनं साफसफाईत टाकली. तिला बोलायचं नाही. आईपायी आधीच वाकली आहे. परत जाऊन शोधेन."

दिगू, मी बाईमाणूस असून मणिकर्णिकेवर तुला अग्नी दिला. गुरुजी कुरकुरले, मी ऐकलं नाही. कपाळक्रियेच्या वेळी, कवटी फोडायला, चिता सांभाळणाऱ्या डोमानं बांबू हातात दिला. "दीदी, एक ही बार. ज़ोर से." एकाच घावात झालं. लोक म्हणाले, ताई खंबीर. त्या कवटीत एक नाव होतं. जगाच्या आपल्या बाजूला ते नाव उरलं होतं अशी ती शेवटची जागा होती, कारण बाकीच्या जागा मी सोळा वर्षांपूर्वीच रद्दीत घातल्या होत्या. दोन्ही कामं माझ्या हातून झाली. दोन्ही नीट झाली.

वहीत घडी घालून ठेवलेलं एक परत आलेलं पत्र होतं. तू लॉजच्या मालकिणीला लिहिलेलं. लॉज बंद झालं असावं. तुझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून नाव शोधायला मी ते विद्यापीठातल्या स्पॅनिशच्या बाईंकडून वाचून घेतलं. "ज्या बाई तुमच्या दारात आल्या होत्या, त्यांना सांगा," एवढंच. मालकीण तिला ओळखत होती. नाव लिहायची तुला गरज वाटली नव्हती.

मग रामजीकडे गेले. होडी किनाऱ्याला लावून तो बीडी ओढत बसला होता.

"रामजी, दिगू कधी खाणीतल्या माणसाबद्दल बोलायचा?"

"रोज़, दीदी." जसं काही मी विचारलं, गंगा कुठे आहे. "नाव में लेटे-लेटे. पहले नाम, फिर गली, फिर दरवाज़ा. जैसे लोग पाठ करते हैं. हम कहते, भैया, क्या रटते हो? कहते, भूल न जाऊँ."

"नाव काय होतं?"

त्यानं बीडी विझवली. "पाव-रोटी की दुकान थी. उसके बगल में सीढ़ी. दरवाज़ा नीला. कि हरा. नाम..." त्याचा चेहरा पडला. "दीदी, हमको क्या मालूम था कि याद हमको रखना है."

त्याला काय दोष देणार? त्यानं निदान ऐकलं होतं.

तुझ्याशी एक भांडण अजून बाकी आहे. नाव तुला ठाऊक होतं, दार ठाऊक होतं. तिथे पोस्टमन घरोघर फिरत नाही, कुणाच्या तरी टपालपेटीचा नंबर लागतो आणि तो चिठोऱ्यावर होता, हे खरं. पण एका पत्रानंतर तू थांबलास का? त्या गावात चर्च असेल, शाळा असेल, खाणवाल्यांची काही संघटना असेल. की हातात द्यायची गोष्ट हातातच द्यायची, असं तू ठरवून टाकलंस? आधी आई, मग तुझी छाती. "पुढच्या वर्षी जातो," हे मी किती वेळा ऐकलं, आणि दर वेळी म्हटलं, "तिथे ठेवलंय काय?" तू एकदा जरी माझ्यावर ओरडला असतास ना, तर मी त्या आठवड्यात पन्नास पत्रं टाकली असती. तुला ठाऊक होतं. मला कामाला लावायचं तर आधी माझी चूक मला सांगावी लागली असती, आणि तू ती सांगणार नव्हतास. हे उपकार आहेत की शिक्षा, मला ठरवता येत नाही. आज सकाळी उपकार वाटले. आत्ता वाटत नाहीत.

जे करता येतं ते करते आहे. स्पॅनिशच्या बाईंनी मजकूर करून दिला: या माणसाला कोणी ओळखत असेल तर हा फोटो त्याच्या पत्नीला द्यावा; पावाच्या दुकानाशेजारची जिन्याची वाट, निळं किंवा हिरवं दार; उशीर आमच्याकडून झाला आहे, फोटो काढणाऱ्याकडून नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा विचारलं, ठेवायचं का? मी म्हटलं, ठेवायचं. "१७ क"च्या अकरा प्रती काढल्या, तुझ्या लहुराबीरच्या माणसाकडूनच. पोतोसीतल्या चर्चना, शाळांना, मिळेल त्या पत्त्यावर टाकल्या. बाकीच्या चाळीस जणांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. नोव्हेंबरला साडेचार महिने आहेत. सोळा वर्षं त्या टेबलावर हेल्मेटच आहे, असं धरून चालले आहे. ती बाई हयात आहे, असंही. कदाचित दोन्ही चूक असेल. उत्तर आलेलं नाही.

काल संध्याकाळी मी पुन्हा संकठा घाटावर गेले. पिंड नाही, गुरुजी नाहीत. दहाव्याला जे बोलायला हवं होतं ते पायरीवर बसून मोठ्यानं बोलले: "दिगू, पाकिटं मी टाकली." शेजारी केस वाळवत बसलेल्या बाईनं माझ्याकडे बघितलं. कावळा वगैरे कुठे दिसला नाही. मी घरी आले.

आधार कार्डवाला फोटो उतरवला आहे. तुझ्या खोलीत आता तो तिरका लावलाय. ह्यांनी तो फ्रेममध्ये सरळ करून बसवायचा प्रयत्न केला, मी बसवू दिला नाही. ज्यानं काढला त्यानं जसा काढला तसाच. पाठीवर नोंद केली आहे, या वेळी नियमाप्रमाणे. जुना क्रमांक सतरा ख. नवा क्रमांक त्याच्याशेजारी. ठिकाण, पोतोसी, खाणीच्या तोंडाशी. फोटोतली व्यक्ती, दिगंबर. फोटो काढणाऱ्याचं नाव, आणि त्यापुढे मी शाईनं एक रेघ आखून ठेवली आहे, नाव मावेल एवढी लांब.